दारातल्याचं नख

४ जानेवारी

आत्या,

नमस्कार या पत्रासोबत पाठवलाय, आशीर्वाद तुझ्या सवडीने पाठव. फोनच करणार होते, पण तुझा नियम माहीत आहे. पुस्तकाबद्दल जे काही बोलायचं ते कागदावर. फोनवर मी नुसती हो हो करते असं तू मागे सुनावलं होतंस आणि ते खोटं नाही.

बातमी तुझ्यापर्यंत आलीच असेल. सावल्यांचं पुस्तक पुन्हा निघतंय आणि चित्रं मी काढणार आहे. संपादकबाईंनी विचारलं तेव्हा मी ब्रश धूत होते, पाण्याचा पेला टेबलावर आडवा झाला. वीस वर्षं मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतेय. दात घासणारे वाघ, शाळेला उशीर झालेले ससे, चष्मा लावलेली वांगी. हे सगळं काढताना मनात एकच असायचं, की कधीतरी ती सात मुलं काढायला मिळावीत. ज्यांच्या सावल्या चोरीला जातात आणि जी त्या सोडवून आणायला जमिनीखालच्या शहरात उतरतात, ती. मनात धरलेलं मिळतं असा माझा अनुभव फारसा नाही. म्हणून आभार आधी मानते, तक्रार नंतर करते.

तक्रार अशी. छपाईसाठी तयार केलेला मजकूर त्यांनी मला पाठवला. अकराव्या प्रकरणापर्यंत मी उतारावरून सायकल सोडावी तशी वाचत गेले. मग शेवटचं दार येतं. दार मिटत चाललेलं असतं, मुलं अंधारात उभी असतात, आणि दारात उभा असलेला तो, दारातला, ते धरून ठेवतो. इथे मुलं डोळे मिटतात आणि चक्क प्रार्थना म्हणतात. चार ओळींची. आत्या, ही कुठून आली? पुस्तक मला तोंडपाठ आहे, त्यात प्रार्थना नव्हती. तू घातलीस की संपादकबाईंनी? तू घातली असशील तर रागावू नकोस, पण काढून टाक. त्या मुलांना कुणाची विनवणी करावी लागत नाही, म्हणून तर ती मला माझी वाटायची.

थंडीत गुडघे कसे आहेत?

तुझी खडू

*

१२ जानेवारी

खडू,

आशीर्वाद घे. मोठा आहे, दोन्ही हातांनी धर.

तुझं पत्र वाचायला दोन दिवस लागले. अक्षर अजून मुंगीएवढंच काढतेस. लहानपणी खडूने अख्खी भिंत भरून टाकायचीस तेव्हा बरं मोठं काढता यायचं.

तक्रारीचं उत्तर सोपं आहे. मी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. परक्यांच्या पुस्तकातला स्वल्पविराम इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि स्वतःच्या पुस्तकात छत्तीस वर्षांनी चार ओळी घुसडेन होय? प्रार्थना पहिल्या आवृत्तीपासून आहे. पान चौऱ्याण्णव, वरून सातवी ओळ. "ज्याला आम्ही पाहिलं नाही, त्याने आम्हाला पाहावं" इथपासून. तुझं पाठांतर कच्चं आहे, पुस्तक पक्कं आहे.

तुला ती खटकली याचं मला नवल नाही. तू तुझ्या बापाची लेक. पण एक सांगते. मुलांना देव शिकवायचा म्हणून मी ते लिहिलं नाही. तशी पुस्तकं मी कामापुरती खूप तपासली आहेत, जांभया देत. माझं एवढंच आहे की मी रोज सकाळी प्रार्थनेच्या खोलीत जाऊन बसते. तुला ती खोली आठवत असेल, एकदा तू तिथे शिंकली होतीस आणि सगळे हसले होते. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही, नुसती कोरी भिंत. आता रोज कोऱ्या भिंतीकडे बघणारी बाई गोष्ट लिहायला बसली तर काय होईल? राक्षसाला चेहरा मिळेल, सावल्या विकणाऱ्या म्हातारीला मिळेल, सातही मुलांना मिळेल. आणि एक जागा कोरी राहील. मी ती ठरवून ठेवली नव्हती. लिहून झाल्यावर माझी मलाच दिसली. दारातल्याचं वर्णन पुस्तकात कुठेच नाही. त्याची उंची नाही, कपडे नाहीत. तो बोलतो, आणि दार धरतो.

म्हणून एकच अट. बाकी सगळं तुझं, राक्षसालाही चष्मा लाव. दारातल्याचं चित्र काढायचं नाही. करारावर सही करताना मी हे प्रकाशकांना सांगितलंय आणि त्यांनी मान हलवली आहे, तुझ्या कानावर घातलं नसावं. त्याला रूप दिलं तर मी पुस्तक परत घेईन. ज्याला मी जन्मभर रूप दिलं नाही त्याला या वयात देऊन मरायचं नाही मला.

गुडघे कुरकुरतात, पण हजर आहेत.

आत्या

*

२ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा चित्र होऊन गेलं होतं. सोबत पाठवतेय. फाडायचं असेल तर तूच फाड, माझ्याने होणार नाही.

तू म्हणतेस त्याचं वर्णन नाही. मग मी काढलं काय? तुझ्या शब्दांबाहेर एक रेघ मारलेली नाही. बुटका. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख काळं, आणि तो अंगठा दाराच्या फटीत. "दार केव्हाच मिटलं असतं, पण त्याचा अंगठा मध्ये होता." हे वाक्य तुझं आहे. लहानपणी तिथे आलं की मी माझा अंगठा मुठीत लपवायचे. आता देवाला रूप नको म्हणून तू ते सगळं विसरायचं ठरवलंस, तर मला तसं सांग. पाठांतर कच्चं म्हणू नकोस.

आणि दुसरं. हे लिहू की नको म्हणून दोन आठवडे गेले. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. येणारा जाणारा म्हणायचा, देवाने नेलं. बाबा म्हणायचा, आजाराने नेलं, आणि मला त्याचंच पटायचं, कारण आजाराचा मला राग करता येत होता. मग तुझं पुस्तक आलं. त्यात मुलं हरवत होती, अंधार होता, आणि तरी कुणी देवाचं नाव काढत नव्हतं. फक्त एक माणूस दार धरून उभा होता. माझ्या लहानपणातली तेवढी एक जागा मला मोकळी वाटायची. आता कळतंय की तिथेही तो होताच, वेष बदलून. मला फसवल्यासारखं झालंय, आत्या. खोटं कशाला बोलू.

संपादकबाईंना चित्र फार आवडलं. त्यांना ते मुखपृष्ठावर हवंय, पंधरा एप्रिलला सगळी चित्रं छापखान्यात जायची आहेत. मी त्यांना थांबवलंय. तुझी अट कायम असेल तर मी हे काम परत करते, दुसरं कुणीतरी काढेल. दारातल्याला वगळून ते पुस्तक काढणं मला जमणार नाही.

खडू

*

२० फेब्रुवारी

खडू,

अक्षर परकं वाटेल. हे शेजारच्या नर्सबाई लिहितायत. निवृत्त झाल्या तरी हुकूम सोडायची सवय सुटलेली नाही, तेव्हा मी सांगते आणि त्या लिहितात असं म्हणायचं, खरं उलटंच आहे.

(यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. सहा महिने कुणाला सांगितलं नाही. जानेवारीतलं पत्र यांनी भिंग घेऊन दोन दिवसांत वाचलं आणि दोष तुमच्या अक्षराला दिला. मार्चअखेर एका डोळ्याचं ऑपरेशन ठरवलंय. हे मी माझ्या मनाने लिहितेय. नर्स.)

काय लिहिलं ते मला वाचून दाखवत नाहीत, पण पेन फार वेळ चाललं. असू दे.

तुझं पत्र मी ऐकलं. फसवल्यासारखं झालं, या ओळीला त्या थांबल्या, मी म्हटलं पुढे वाचा. त्याचं उत्तर मला द्यायचंय, पण आज नाही, कारण आज मला चित्राशिवाय दुसरं काहीच सुचत नाहीये.

चित्र मी नर्सबाईंना सांगायला लावलं. त्या रुग्णाचं सांगतात तसं सांगतात. "पुरुष, पन्नाशीचा. बांधा लहान. बाह्या वर. डाव्या अंगठ्याचं नख पूर्ण काळं, खाली रक्त साकळलेलं. जखम ताजी नाही, दोनेक आठवड्यांची असावी."

मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मी कपाटातून माझी प्रत काढायला लावली आणि पान चौऱ्याण्णव तीनदा वाचून घेतलं. बाह्या नाहीत. बुटका नाही. अंगठा नाही, नख तर नाहीच नाही. "त्याने दार धरलं." एवढंच आहे. तीन शब्द. तूही तुझ्याकडचा मजकूर काढून बघ.

मी रागावलेली नाही. कामाचं काय करायचं ते मागून बघू, परत करायची घाई करू नकोस. मला फक्त एक सांग, आणि लवकर सांग. ते नख तुला कुणी सांगितलं?

आत्या

*

१ मार्च

आत्या,

डोळ्यांचं मला का नाही सांगितलंस, यावर भांडण राखून ठेवते. नर्सबाईंना माझा नमस्कार. त्यांच्या मनाचं त्यांनी जरूर लिहीत जावं.

मी बघितलं. तीन शब्दच आहेत. माझं डोकं असं की जास्तीचं होतं ते लगेच टोचलं, आणि नव्हतं ते मी वाचतावाचता मनाने भरून पुढे गेले. मग मी एक केलं. मजकूर पालथा घातला आणि अकरावं प्रकरण मला येतं तसं कागदावर उतरवलं. मग दोन्ही शेजारी ठेवून लाल पेन्सिलीने फरक खुणावले, तू मुद्रितात खुणावतेस तसे. एकवीस निघाले. त्यातले बाकीचे किरकोळ आहेत, राक्षस जेवतो काय वगैरे. पण हे दोन नाहीत, प्रार्थना आणि नख.

आत्या, मी ते पुस्तक कधी वाचलेलंच नाही. मी ते ऐकलंय. बाबाने वाचून दाखवलं.

शाळा सुटली की मी दुकानात जायचे, घरी कोण होतं. दुपारी तीन ते चार घड्याळं दुरुस्तीला टाकायला कुणी फिरकत नसे. मी काउंटरखाली पाय पसरून बसायचे, तो वर स्टुलावर. त्याच्या हत्यारांच्या खणात, चिमटे आणि काचांच्या खाली तुझं पुस्तक असायचं. वाचायला घेण्याआधी तो ठोके देणारी सगळी घड्याळं बंद करायचा. मध्येच टण्ण करून कुणी गोष्ट मोडू नये म्हणून. संपलं की एकेकाला पुन्हा वेळ लावून द्यायचा, आणि ते काम अर्धा तास चालायचं. वर्षभर तरी चाललं असेल हे. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्यापासून. पुढे मला स्वतःला वाचता यायला लागलं तोवर ते पाठ झालं होतं, आणि पुढे ती प्रत मी एका मैत्रिणीला दिली, ती गाव सोडून गेली.

म्हणजे तू लिहिलंस ते एक, आणि त्याने वाचलं ते एक. प्रार्थना त्यानेच गाळली, यात मला शंका नाही. नख त्याने का घातलं ते कळत नाही. त्याच्या हातावर तसलं काही नव्हतं, त्याचे अंगठे मी चांगले ओळखते.

तुला माहीत होतं का तो वाचायचा? तुम्ही दोघं एकमेकांशी नीट का बोलत नव्हता, हे त्याने कधी सांगितलं नाही. विचारलं की भिंग डोळ्याला लावायचा.

खडू

*

१२ मार्च

खडू,

नर्सबाईंना मी आधीच सांगितलंय की आज मध्ये थांबायचं नाही आणि माझ्याकडे बघायचंही नाही. लिहीत राहायचं.

मला माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं नव्हतं.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत मी दादाला पाठवली. तुझी आई जाऊन वर्ष झालं होतं. त्याचं कार्ड आलं, ते मला पाठ आहे. "पुस्तक मिळालं. तू मुलांना सांगतेस की दारात कुणीतरी उभा असतो. मी सतरा दिवस दवाखान्यातल्या दाराकडे बघत होतो. कुणी उभं नव्हतं. हे पुस्तक या घरात राहणार नाही."

त्यावर मी काय लिहिणार होते? ते सतरा दिवस मी कुठे होते ते त्याला माहीत होतं. प्रार्थनेच्या खोलीत. सकाळी बसायचे ती दिवे लागेपर्यंत. मला खरंच वाटत होतं की वहिनीसाठी मी तेच सगळ्यात मोठं काम करतेय. दवाखाना तिथून दहा मिनिटांवर होता. मी जाऊन दारात उभी राहू शकले असते. हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं, आणि आलं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांना फक्त प्रकृती कशी आहे एवढंच विचारत होतो.

आता तू सांगतेस की पुस्तक दुकानात होतं. चिमट्यांच्या खाली. शब्दाचा पक्का माणूस. या घरात राहणार नाही म्हणाला, नाही ठेवलं घरात.

आता नखाचं. मी सात वर्षांची होते, दादा अकरा. आमच्या घरात जिन्याखाली एक खोली होती, कोळसे ठेवायची. तिचं दार ओढलं की बाहेरची कडी आपोआप पडायची, आणि ती कडी अशी गंजलेली की उघडायला मोठा माणूस लागायचा. लपाछपीत मी तिथे लपले. दादाने शोधून काढलं. मला हरल्याचा इतका राग आला की मी आतून दार जोरात ओढून घेतलं. त्याचा अंगठा मध्ये होता. तो ओरडला नाही. अंगठा काढलाही नाही. काढला असता तर कडी पडली असती आणि मी अंधारात अडकले असते, आणि अंधाराला मी किती घाबरते ते त्याच्याएवढं कुणाला माहीत नव्हतं. मी आत रडतेय आणि तो फटीतून म्हणतोय, "रडू नको, ढकल. दार कुठे पळून जात नाही, मी धरलंय." मी ढकललं आणि बाहेर आले.

घरी त्याने सांगितलं की खिडकी पडली बोटावर. तीन महिने नख काळं होतं, मग गळून नवं आलं. आम्ही दोघांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मी लाजेने, आणि तो तसाच होता म्हणून.

तू पुस्तक पाठ म्हणतेस ना, मग दारातला काय म्हणतो सांग. "दार कुठे पळून जात नाही, मी धरलंय." हे पान चौऱ्याण्णववर आहे, आणि हे दादाचं आहे. ज्याला रूप नाही त्याला आवाज कुठून आणायचा, या विचारात मी महिना घालवला होता. शेवटी माझ्याकडे एकच आवाज होता. देव मानत नाही अशा माणसाचा.

फसवल्यासारखं वाटलं असं तू लिहिलंस, त्याचं उत्तर हेच. तुला दारात एक माणूस उभा दिसला, तो खरंच होता. मला जो दिसत होता तो मी लिहायला गेले, पण त्याला बोलतं करायला मला दादाच लागला. यातलं कुठलं सोंग आणि कुठलं खरं, मला सांगता येत नाही. मी ते दोन्ही मनापासून लिहिलं.

मला जन्मभर वाटत आलं की त्याने स्वतःला ओळखलं नाही. पुस्तक वाचलं, देव दिसला आणि मिटून टाकलं. आता तू म्हणतेस त्याने नख घातलं. जे नख मी लाजेने गाळलं, ते तो रोज दुपारी तुला वाचून दाखवत होता. खडू, ते नख आमच्या दोघांशिवाय या जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

एक विचारते. प्रार्थनेच्या जागी तो काय म्हणायचा? नुसतंच गाळायचा, की काही असायचं?

आत्या

(मी थांबले नाही. बघितलं मात्र. बऱ्या आहेत, जेवल्या. नर्स.)

*

२४ मार्च

आत्या,

तुझं पत्र घेऊन मी दोन दिवस नुसती टेबलाशी बसले. मग दुकान जिथे होतं तिथे जाऊन आले. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. काउंटर तोच ठेवलाय, वर काच बसवलीय. मी खाली वाकून बघितलं तेव्हा तिथली मुलगी म्हणाली, "काही पडलं का तुमचं?" मी म्हटलं, "नाही, सापडलं." ती माझ्याकडे जरा जपूनच बघत होती.

तू विचारलंस ते. नुसतं गाळायचा नाही. तिथे आलं की तो पुस्तक खाली घ्यायचा, मांडीवर. मला वाटायचं, वाचून डोळे दमले. मग म्हणायचा, सातही मुलं एकदम ओरडली, "आम्ही सगळे आहोत. दार धर." आणि मग पुढे वाचायचा. तेवढंच. दर वेळी तेच शब्द, कधी बदलले नाहीत. मीही त्याच्याबरोबर ओरडायचे. एकदा त्याच वेळी एक गिऱ्हाईक आत येत होतं, त्याने खरंच दार धरून ठेवलं, बिचारा गोंधळून. बाबा इतका हसला की त्याच्या डोळ्याचं भिंग निसटलं.

फसवलं म्हटलं ते मागे घेते. मला दोन माणसांनी मिळून एक पुस्तक दिलं, एकमेकांशी न बोलता. अशी भेट किती जणांना मिळते? आई नव्हती त्या वर्षी मला रोज दुपारी एक तास दार उघडं मिळालं. तू ते बांधलंस, त्याने धरलं, आणि मी त्यातून ये-जा केली. मला दोघांचे आभार मानायचे होते, पण एकच उरलंय, तेव्हा त्याचे पण तूच ठेवून घे.

कामाचं. मी पहिलं चित्र संपादकबाईंकडून परत घेतलं. चेहरा मुखपृष्ठावर येणार नाही, आतही येणार नाही. त्या नाराज झाल्या, मग मी त्यांना नवं दाखवलं. ते सोबत आहे. त्यात दार आहे. दाराच्या अलीकडे सात मुलं, त्यांच्या सावल्या परत मिळालेल्या, सगळ्या लांबच लांब पडलेल्या. म्हणजे उजेड पलीकडून येतोय. दाराच्या कडेला फक्त एक अंगठा, नख काळं. पलीकडे कोण आहे, ते कोरं सोडलंय. रंगसुद्धा नाही, कागदच ठेवलाय.

हे चालत असेल तर पंधरा एप्रिलच्या आधी कळव. चालत नसेल तर नुसतं दार काढीन. काम परत करण्याचं आता मनात नाही. तू म्हणशील तसं, आणि हे मी फोनवरचं हो हो करत नाहीये.

ऑपरेशनला मी येतेय. शुक्रवारी सकाळी पोचते. दाराशी उभी राहीन, आत सोडलं नाही तरी.

खडू

*

९ एप्रिल

खडू,

हे माझं अक्षर आहे. ओळी तिरक्या गेल्या तर तसंच वाच, दुसरा डोळा अजून बाकी आहे आणि पहिला नवीन नोकर असल्यासारखा फार उत्साहात आहे. सगळंच दाखवतो. स्वयंपाकघराचा कोपरा इतका घाण आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नर्सबाई म्हणतात, मी सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत.

तू आलीस, तीन दिवस राहिलीस, आणि आपण पुस्तकाबद्दल एक अक्षर बोललो नाही, नियम पाळला. दारातून मला आत नेत होते तेव्हा मी मागे वळून बघितलं. मला तेव्हा फक्त एक धूसर आकार दिसला, उभा. तेवढा पुरला.

पट्टी काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आज वाचायचं नाही. मी वाचलं नाही, चित्र बघितलं. भिंग घेऊन, मुद्रित बघते तसं, डावीकडून उजवीकडे. सातवी मुलगी, जिची वेणी सुटलीय, ती तू आहेस हे मला कळलंय, लपवायला जाऊ नकोस. तिच्या सावलीला मात्र तू वेणी घातलीस. ही चूक आहे की मुद्दाम? चूक असेल तरी ठेव.

आता माझा निकाल. दारातल्याला रूप द्यायचं नाही, हे माझं म्हणणं होतं तसं आहे. पण हा अंगठा दादाचा आहे, आणि दादाला रूप होतं. तो छापायला माझी हरकत नाही. पलीकडचा कागद तू कोरा सोडलास, त्याला हात लावू नकोस, कुणाला लावू देऊ नकोस. पानाच्या क्रमांकाचा आकडासुद्धा तिथे पडणार नाही असं बघ. छापखान्यातले लोक मोकळी जागा दिसली की आकडा टाकतात, मला माहीत आहे.

मजकूर आहे तसा जाईल. प्रार्थनाही राहील. ती माझी आहे आणि मी ती काढणार नाही. ज्याला ती म्हणायची नसेल त्याने पुस्तक मांडीवर घ्यावं आणि स्वतःचं काय ते म्हणावं. मोठ्याने वाचणाऱ्या माणसाला लिहिणारी बाई थांबवू शकत नाही. मी एकाला थांबवू शकले नव्हते, आणि आता त्याचा मला किती आनंद आहे ते तुला कसं सांगू.

"आम्ही सगळे आहोत. दार धर." मी चार ओळी घालवल्या, त्याने दोन वाक्यांत आटोपलं. मी जन्मभर रोज सकाळी जाऊन जे म्हणत आले ते याहून फार वेगळं नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी ते वाक्य बदललं असतं. बरं झालं, कळलं नाही.

काल पुन्हा प्रार्थनेच्या खोलीत गेले, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. भिंत मला वाटली होती त्यापेक्षा पिवळी पडलीय, आणि उजवीकडे वरच्या बाजूला एक बारीक तडा आहे. इतकी वर्षं समोर बसून कधी दिसला नव्हता. मी डोळे मिटायच्या ऐवजी उघडे ठेवून बसले, नवा डोळा आहे, वापरून घ्यावा म्हणून. थोड्या वेळाने त्या तड्याच्या कडेला मला एक अंगठा दिसायला लागला. लहान मुलाचा, नख काळं.

आधी मी तो मनातून पुसायला गेले. मग हात मागे घेतला आणि म्हटलं, आम्ही सगळे आहोत.

आत्या